अंथुर्ण्याच्या गुत्त्यातले कोरडे पिंप

मी एक जुने लाकडी पिंप आहे. मित्रांनो, जवळ या, बसा, पण मला हुंगू नका. मला हुंगलेले खपत नाही. का, ते पुढे कळेल.

माझ्या पोटात पूर्वी काय असायचे, हे मुलांनी विचारले की मोठी माणसे घसा खाकरून विषय बदलतात. मी बदलणार नाही. माझ्या पोटात दारू असायची. मोहाच्या फुलांची, सरकारी परवान्याची. बारामतीच्या वखारीत ती माझ्यात भरत आणि अंथुर्ण्याच्या गुत्त्यात ती माझ्यातून उपसत, एवढेच माझे काम. दारू चांगली की वाईट हे मला विचारू नका. मी ती फक्त वाहिली. विकली नाही, प्यायलो नाही, आणि तिच्यापायी कुणाच्या घरातली भांडी मोडीत घातली नाहीत. गुत्ता म्हणजे दारूचे दुकान. त्याच्या ओट्यावर माझे अर्धे आयुष्य गेले.

माझा जन्म मुंबईचा. तिथे पिंपे बनवणारा एक म्हातारा सुतार होता. त्याने सागाच्या फळ्या घेतल्या, पाण्याची वाफ देऊन त्यांना बाक आणला, आणि एकीला एक भिडवून त्यांच्यावर लोखंडी कड्या ठोकल्या. माझ्या अंगात एकही खिळा नाही. सरस नाही, डांबर नाही. तरी थेंब बाहेर पडत नसे. शेवटची कडी ठोकताना म्हातारा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "बाबा, रिकामा राहिलास तरी पोटात तांब्याभर पाणी असू दे. लाकूड तहानलं की आक्रसतं, आणि आक्रसलं की गळतं." ही गोष्ट त्याने मला सांगितली. मला विकत घेणाऱ्याला सांगायचे मात्र तो विसरला, आणि पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

मी दौंडपर्यंत मोठ्या गाडीने आलो आणि तिथून बारामतीच्या छोट्या गाडीने. ती गाडी इतकी सावकाश चाले की उतारू मध्येच उतरून बोरे वेचत आणि धावत येऊन पुन्हा चढत. बारामतीत मला सावळारामशेठने घेतले. अंथुर्ण्याचा गुत्ता त्याच्या नावावर होता.

सावळारामशेठ माणूस वाईट नव्हता. पण संशयी असा, की दुकानाला कुलूप लावल्यावर ते ओढून बघे, दहा पावले जाई आणि परत येऊन पुन्हा ओढे. रुपया दिला तर दगडावर वाजवून घेई. दूधवाली आली तर दुधात बोट बुडवी. त्याच्या या स्वभावाला कारणही होते. तरुणपणी तो दुसऱ्या एका गुत्तेदाराकडे नोकर होता. त्या मालकाने दारूत पाणी घातले. गिऱ्हाइकांनी भर बाजारात त्याचे पिंप ओतून दाखवले, त्याच्या गळ्यात जुन्या वहाणांची माळ घातली, आणि त्याचा परवानाही गेला. ते सगळे सावळारामने डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हापासून त्याने मनाशी ठरवून टाकले, की आपल्या पिंपाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

म्हणून मी रिकामा झालो की तो मला फडक्याने आतून कोरडा पुसून काढी आणि ओट्यावर उन्हात आडवा टाकी. बूच काढलेले, तोंड रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हात धरून बोलवी आणि म्हणे, "बघा, आत हात घालून बघा. कोरडं ठणठणीत हाय."

गेणबा नावाचा एक म्हातारा गिऱ्हाईक होता. तो रोज माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करी आणि मान हलवून सांगे, "अस्सल. सावळारामशेठचा माल म्हंजी अस्सल." लोक माना डोलावत. सावळारामशेठची छाती फुगे. माझी छाती मात्र उन्हाने आत आत जाई. मला तहान लागे, मित्रांनो. दारूची नव्हे, पाण्याची. समोरून बायका भरल्या घागरी घेऊन जात आणि मी बघत राही.

सुरुवातीची वर्षे त्यातूनही निभावली, कारण मी फार काळ रिकामा नसे. आठवड्याच्या आठवड्याला माझी बारामतीची फेरी होई. लाकूड वाळते न वाळते तोच पुन्हा ओले होई. माझी ने-आण करणारा होता जोतीराम.

जोतीरामच्या वाडवडिलांची मेंढरे होती. नीरेचा कालवा आला, माळाला पाणी लागले, जिथे मेंढरे चरत तिथे ऊस उभा राहिला. तेव्हा त्याने कळप विकला आणि बैलगाडी घेतली. एक बैल पांढरा, एक तांबडा. खांद्यावर घोंगडी, कपाळाला बिरोबाचा पिवळा भंडारा. दारू त्याने कधी सोडली नव्हती, कारण कधी धरलीच नव्हती. बारामतीहून निघताना तो गाडीत कडब्याच्या पेंढ्या पसरी आणि त्यावर मला निजवी, म्हणजे मी गडगडू नये. दुपारी लासुर्ण्याच्या अलीकडे लिंबाखाली थांबला की त्यातलीच एखादी पेंढी ओढून बैलांपुढे टाकी. मला त्याच्या गाडीत बरे वाटे. खाचखळगा आला की तो बैलांशी बोले आणि एक हात माझ्यावर ठेवी.

मग वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. उसाचे फड वाढले, तोडणारे आले, गाडीवाले आले, कामगार आले. पगार झाला की सगळ्यांची पावले गुत्त्याकडे वळू लागली. गिऱ्हाईक वाढले, पण माल वाढेना. बारामतीच्या वखारीपुढे गाड्यांची रांग लागू लागली. कधी छोट्या गाडीच्या वाघिणी दौंडलाच अडकून पडत. कधी माल येई, पण माल नेण्याच्या पासावर सही करणारा साहेब दौऱ्यावर गेलेला असे. वखारीचा कारकून दारातूनच हात हलवी, "माल न्हाय. फुडल्या बाजाराला बघू." जोतीराम रिकाम्या गाडीने परत येई आणि मी पुन्हा ओट्यावर, उन्हात.

असा मी त्या उन्हाळ्यात कितीतरी दिवस कोरडा पडून राहिलो. माझ्या फळ्या एकमेकींपासून सरकल्या. आतून बघितले असते तर उजेडाच्या रेघा दिसल्या असत्या, पण आत बघणारे सगळे पाणी शोधत होते, उजेड नव्हे.

शेवटी माल आला. वखारीत मला काठोकाठ भरले, बूच ठोकले, त्यावर लाख ओतून सरकारी शिक्का उठवला. माझे तहानलेले लाकूड ती शोषू लागले, आणि त्याच वेळी मी खालच्या अंगाने पाझरू लागलो. वखारीची फरशी नेहमीच दारूने ओली असे, तिथे कुणाच्या लक्षात आले नाही. गाडीत माझ्याखाली कडबा होता. तो सगळे मुकाट्याने शोषून घेत होता. जसजशी गाडी चालली तसतशा माझ्या फळ्या फुगत गेल्या, फटी बुजल्या, आणि वाऱ्याने पाठ सुकली. अंथुर्ण्यात पोचेपर्यंत मी बाहेरून ठणठणीत कोरडा होतो.

सावळारामशेठने शिक्का तपासला. जसाच्या तसा. बूच काढले, मोजायची काठी आत घातली, बाहेर काढली, आणि त्याचा चेहरा उतरला. माल चांगला हातभर कमी होता.

आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, शिक्का शाबूत आणि दारू गायब. संशयी माणसाला आणखी काय हवे? पहिल्यांदा त्याने वखारीच्या कारकुनावर संशय घेतला. पुढच्या खेपेला तो स्वतः बारामतीला गेला आणि माप पडताना डोळ्यांत तेल घालून बघत उभा राहिला. माप बरोबर होते. तो टांग्याने पुढे आला, मी मागून गाडीने आलो, आणि पुन्हा माल कमी भरला. म्हणजे मधला रस्ता उरला. आणि रस्त्यावर मी, दोन बैल आणि जोतीराम.

सावळारामशेठने माझे सगळे अंग चाचपले. गिरमिटाने भोक पाडून मेणाने बुजवले असेल म्हणून नखाने खरवडून पाहिले. भोक सापडले नाही. मग तो जोतीरामपुढे जाऊन उभा राहिला.

"हा कर."

"काय म्हंता शेठ?"

"तोंड उघड आन् हा कर. वास घिऊ दे."

ओट्यावर गिऱ्हाइके बसली होती. गेणबा होता. जोतीराम एकदा सगळ्यांकडे बघून कानापर्यंत लाल झाला. मग त्याने तोंड उघडून श्वास सोडला. शेठने नाक जवळ नेले. वास आला नाही, तर तो म्हणाला, "विडा खाल्लेला दिसतोय."

त्या दिवसापासून हा शिरस्ताच झाला. गाडी आली की आधी शिक्का, मग काठी, मग "हा कर". पोरे लांबून नक्कल करत. मला बोंबलून सांगावेसे वाटे की अरे बाबा, त्याच्या तोंडात काय शोधतोस, माझ्या बुडाखाली हात घाल. पण पिंपाला पोट दिले आहे, जीभ दिलेली नाही.

माल कमी पडला की बाजाराच्या दिवशी गुत्ता अर्ध्या दुपारीच संपे. मग गिऱ्हाइके उसाच्या फडात शिरत. तिथे कुणीतरी चोरून हातभट्टी लावलेली असे. सावळारामशेठने दोन आणि दोन जोडले आणि ठरवले, की आपलाच माल जोतीराम वाटेत हातभट्टीवाल्याला विकतो. जोतीरामलाही वाटू लागले, की शेठने काठीची खूण सरकवली आहे, आपले भाडे बुडवायला. शेठ त्याच्या पाठीकडे डोळे बारीक करून बघे, तो शेठच्या काठीकडे.

घरी आणखीच. जोतीरामची बायको सारजा. हाताने कडबा टाकून टाकून त्याच्या बोटांना आणि घोंगडीला दारूचा वास लागलेला असे; गाडीला तो वास कायमचाच, म्हणून त्याला वेगळा कळत नसे. तो दारात आला की ती कमरेवर हात ठेवून उभी राही.

"करा बघू हा."

"सारजे, तू बी?"

"गाव म्हंतंय त्ये उगंच म्हंतंय व्हय? करा."

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून श्वास सोडी आणि मग आत जाई. हे मी तेव्हा पाहिले नव्हते. नंतर, याच घराच्या अंगणात राहायला आल्यावर, सारजाच्या तोंडून ऐकले.

एका खेपेला माल फारच कमी आला. शेठने हात झटकले. म्हणाला, "जोतीराम, तू धनगराचा हायेस. बिरोबाचा भंडारा उचल. उचललास तर मी तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जोतीरामच्या लोकांत भंडारा उचलणे हा खेळ नव्हे. देवापुढची हळद मुठीत धरून बोलायचे असते. ते बोलणे खोटे ठरले, तर त्या माणसाला भाऊबंद पंगतीला घेत नाहीत, जत्रेत देवाजवळ फिरकू देत नाहीत. बिरोबाचे देऊळ गावाबाहेर, आणि तिथला मान जोतीरामच्या थोरल्या भावाचा, आबाजीचा. सावळारामशेठने मलाही तिथे आणवले. पुरावा म्हणून की साक्षीदार म्हणून, कोण जाणे.

आबाजी म्हणाला, "जोत्या, मनात काय आसंल तर आत्ता बोल. मूठ उघडल्यावर मग मी तुझा भाऊ न्हाय, देवाचा माणूस हाय."

"मनात काय बी न्हाय, आबा," असे म्हणून जोतीरामने भंडारा उचलला. "ह्या पिंपातला थेंब मी काढला आसंल, तर बिरोबा मला बघून घील."  मी मात्र मनात म्हणत होतो, बाबा रे, पुढची खेप भरून यायची प्रार्थनाही करून घे.

पुढची खेप येईपर्यंत वखारीत पुन्हा माल नव्हता. मी पुन्हा ओट्यावर, आणि ऊन असे की ओट्याचा दगड उशिरापर्यंत गरम राही. जेव्हा भरलो, तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त गळलो. या वेळी शेठने आबाजीला बोलावून घेतले होते. त्याने काठी बाहेर काढली आणि फक्त आबाजीच्या हातात दिली.

आबाजीने काठीवरची खूण बोटाने चाचपली. मग जोतीरामकडे न बघता म्हणाला, "जत्रा जवळ आलीया. तवर ह्येचा निकाल लाव. न्हायतर तुझं पान आमच्यात मांडणार न्हाय." आणि पाठ फिरवून निघून गेला. जोतीराम माझ्या कडीला धरून उभा राहिला. 

शेठ दुसरा गाडीवाला शोधू लागला, पण सगळ्या गाड्या उसाला लागलेल्या. आणखी एक खेप जोतीरामलाच द्यावी लागली. त्या खेपेला सारजा गाडीत चढून बसली.

"तू कुठं?" जोतीरामने विचारले.

"संगं. डोळ्यानं बघते काय त्ये."

"माझ्यावर पहारा?"

 सारजाने पदर खोचला आणि ती माझ्याकडे तोंड करून बसली. जाताना रिकाम्या मला बघत, येताना भरलेल्या मला बघत. नवराबायको सबंध वाटेत एकमेकांशी बोलली नाहीत. मी मधे, दोघांच्या संशयाचे ओझे घेऊन.

दुपारी लिंबाखाली गाडी सुटली. जोतीरामने नेहमीप्रमाणे माझ्याखालची पेंढी ओढली आणि बैलांपुढे टाकली. पांढऱ्याने तोंड फिरवले. तांबडा मात्र मिटक्या मारत सगळी खाऊन गेला आणि आणखी मागू लागला. थोड्या वेळाने त्याचे पाय वाकडे पडू लागले. त्याने लिंबाला धडक दिली, मग लिंबाची क्षमा मागावी तसे त्याच्यावर अंग घासले.

"अवं, ह्यो तांबडा आसा का करतोय?"

"बारामतीस्नं येताना त्यो नेहमीच आसं करतोय. ऊन लागतं त्येला."

"आन् पांढऱ्याला लागत न्हाय व्हय?" सारजा उठली. सवयीने म्हणा, तिने तांबड्याचे तोंड धरले आणि नाक लावले. मग ती ओरडली, "ह्येच्या तोंडाला दारूचा वास येतोय! तुमी पीत न्हाय, मग बैलाला पाजताय?"

"बैलाला कशापायी पाजू, येडे? शिक्का बघ की, जसाच्या तसा हाय."

सारजाने शिक्का पाहिला. मग खाली पडलेली कडब्याची एक काडी उचलून हुंगली. मग गाडीत चढली आणि तिने माझ्या बुडाखाली हात घातला.

मित्रांनो, इतक्या माणसांनी मला ठोकले, चाचपले, खरवडले, हुंगले. पण माझ्याखाली हात घालणारी ती पहिली. तिने हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत ओला होता. तिने तो नाकाशी नेला.

"पाझरतंय हो ह्ये," ती म्हणाली. "आन् मी तुमचं तोंड हुंगत बसले."

 जोतीराम कालव्याच्या काठाला जाऊन बसला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

तुम्हाला वाटेल, झाले, सुटला बिचारा. तसे नाही. अंथुर्ण्यात पोचेपर्यंत मी पुन्हा कोरडा झालो होतो. सारजाने ओला कडबा शेठपुढे टाकला, तर तो म्हणाला, "कडबा काय, तुमीच भिजवला आसंल. नवराबायको एक झाली, दुसरं काय!"

"मग पारख करा," सारजा म्हणाली. "माल काढून घ्या, नेहमीसारखं उनात टाका. गाडी जुंपायच्या आदी समद्यांम्होरं ह्येच्यात पाणी घाला. गळलं न्हाय, तर आमी दोगं गाव सोडतो."

पाणी हा शब्द ऐकताच शेठ माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. "माझ्या पिंपात पाणी? लोक काय म्हंतील!" त्याच्या डोळ्यांपुढे ती वहाणांची माळ आली असणार.  मला त्या क्षणी त्याची कीव आली, हे मी लपवत नाही.

मला बरण्यांत उपसून ओट्यावर टाकले. ऊन तापत राहिले. जत्रेला थोडेच दिवस उरले. बाजाराच्या दिवशी गाडी जुंपायची वेळ झाली तेव्हा सारजा डोक्यावर भरलेली घागर घेऊन आली आणि ती तिने ओट्यावर ठेवली. बाजारातली माणसे गोळा झाली. शेठ मान हलवत राहिला, न्हाय, न्हाय, न्हाय.

तेवढ्यात गर्दीतून आबाजी पुढे आला. काठी दिल्या दिवसापासून तो भावाशी बोलला नव्हता. आताही त्याच्याशी बोलला नाही. तो शेठला म्हणाला, "शेठ, तुमी सांगितलं म्हून माझ्या भावानं भंडारा उचलला. आता तुमी घागर उचला."

कुणी हसले नाही. सावळारामशेठने सगळीकडे बघितले, जोतीरामने त्या दिवशी बघितले होते तसेच. मग माझे तोंड वर वळवले आणि खाली वाकून घागर उचलली. डोळे मिटूनच त्याने ती कलती केली, म्हणून पहिले पाणी माझ्या तोंडाबाहेरच सांडले. नंतरचे आत गेले.

आणि मी गळलो. मित्रांनो, आयुष्यात कधी इतक्या आनंदाने गळलो नाही. पुढून, मागून, दोन्ही कुशींतून धारा लागल्या. ओटा भिजला, शेठचे पाय भिजले, धोतर भिजले. रिकामी घागर हातात धरून तो उभा होता आणि त्याच्याभोवती थारोळे साचत होते. जोतीरामने एकदाच डोळे पुसले. आबाजीने कनवटीचा भंडारा काढला आणि सगळ्यांदेखत भावाच्या कपाळाला लावला.

तेवढ्यात गेणबा लांबून म्हणाला, "शेठ, हात चांगलाच बसलाय की पाणी घालायला!" आणि आता मात्र लोक हसले.

बस्स, एवढे एकच वाक्य. शेठ मला त्यानंतर सावलीत ठेवू लागला, पोटात पाणी घालून, तोंड बंद करून. निघायच्या आधी ते ओतून टाकी. माल पुरा उतरू लागला. पण लोकांना पुऱ्या मालाचे कौतुक नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे घागर घेतलेला शेठ होता. "पाणी घालतोय, आमी बघितलंय," असे जो तो सांगू लागला. पेल्यात बोट बुडवून, जिभेला लावून, तोंड वाकडे करू लागला. ज्या भीतीपायी त्याने मला वाळवले, तीच त्याच्या ओट्यावर येऊन बसली. पुढे परवान्याचा सरकारी लिलाव झाला तेव्हा त्याने गुत्ता सोडून दिला.

जोतीरामला त्याने घागरीच्या त्याच दिवशी सांगितले होते, "उद्याच्याला गाडी जुंप." चुकलो म्हणणे त्याच्या जिभेला जमत नव्हते, त्याने एवढे म्हटले. जोतीराम म्हणाला, "जुंपीन की शेठ. पर तुमचं पिंप न्हाय. ऊस वाहीन." तेव्हापासून तो ऊसच वाहतो, आणि माझी ने-आण पुढे दुसऱ्या गाडीवाल्याने केली.

गुत्ता बंद झाला त्या दिवशी सावळारामशेठने मला स्वतःच्या हाताने लोटत, भर रस्त्याने, जोतीरामच्या दारात आणले. मला उभे केले. विहिरीवरून घागर आणली आणि माझ्यात ओतली. कुणाला हाक मारली नाही. थोडा वेळ माझ्या बुडाशी हात लावून बघितला, कोरडे आहे याची खात्री केली, आणि निघून गेला.

तेव्हापासून मी या अंगणात आहे. माझे वरचे झाकण काढले आहे आणि माझ्यात पाणी असते. तांबडा म्हातारा होईपर्यंत माझ्यातलेच प्यायला आणि एकदाही झोकांडला नाही. माझ्या कड्या गंजल्या आहेत, एक फळी किड्याने खाल्ली आहे, पण मी गळत नाही. तुमच्या घरात रिकामे पिंप असेल, रांजण असेल, मोट असेल, तर ती वाळू देऊ नका, एवढे माझे ऐका. आणि कधी काही कमी भरले, काही नाहीसे झाले, तर कुणाचे तोंड हुंगायच्या आधी खाली हात घालून बघा. त्याला वेळ लागत नाही. हात ओला झाला तर पुसता येतो.

आता दिवस मावळेल. जोतीराम गाडी सोडून येईल. रोजच्यासारखा उंबऱ्याबाहेर थांबेल, आणि कुणी सांगितले नसताना तोंड उघडून श्वास सोडील. त्याला कळतही नाही की आपण असे करतो. सारजाने पहिल्यांदा सांगून पाहिले, "नगा करू आता." तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबला. आता ती काही म्हणत नाही. तोंड फिरवते, माझ्यात तांब्या बुडवते आणि पाणी त्याच्या हातात देते.